आवाजास हरकत नाही

आमच्या इमारतीचं नाव ‘हायवे व्ह्यू’. चौऱ्याण्णव साली बिल्डरने हे नाव ठेवलं, तेव्हा त्यात कुणाची चेष्टा करण्याचा हेतू नव्हता. महामार्ग तेव्हा एक ट्रक आणि एक एस.टी. एकमेकांना जेमतेम ओळख देत जातील एवढाच रुंद होता. पलीकडे भातखाचरं होती, आणि रस्त्याच्या अंगाच्या घरांना ‘व्ह्यू’ म्हणून चढा भाव लावला होता. तो आम्ही हौसेने दिला. पुढे रस्ता रुंद झाला, मग आणखी रुंद झाला, आणि दोन हजार बारा सालच्या दिवाळीनंतर त्या व्ह्यूमध्ये उड्डाणपूल यायला लागला. बिल्डरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. महामार्ग दिसेल असं तो म्हणाला होता, आणि तो दर काही वर्षांनी अधिकाधिक जवळून दिसत गेला.

पूल उभा करायचा तर आधी खालचा जुना काँक्रीटचा रस्ता फोडावा लागतो. त्यासाठी पोकलेनच्या तोंडाला ब्रेकर लावतात. तो सकाळी नऊला सुरू होई आणि दिवे लागेपर्यंत चाले. त्याच्या आवाजाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी ऐकला आहे त्यांना ते नको असेल, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांचं बरं चाललं आहे. एवढंच सांगतो, की आमच्या देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण खरोखरच रांगायला लागला. तासाभरात तो पार कडेला येई आणि माझी बायको अरुंधती त्याला उचलून पुन्हा जागेवर ठेवी. पहिले काही दिवस ती हे भक्तिभावाने करत होती. नंतर नंतर शाळेतल्या वांड मुलाला बाकावर बसवावं तसं करायला लागली.

इमारतीतले कर्ते पुरुष सकाळी सातच्या आत मुंबईकडे किंवा बेलापूरकडे कामाला जात, ते रात्री आठ-सव्वाआठला उगवत. रविवारी त्यांना सुट्टी, आणि ब्रेकरलाही. त्यामुळे ब्रेकर ही त्यांच्या लेखी बायकांनी सांगितलेली एक गोष्ट होती.

तो पुरेपूर ऐकणारा कर्ता पुरुष इमारतीत एकच होता, दुसऱ्या मजल्यावरचा मोहसीन मुकादम. मुकादम मंडळी मूळची इथलीच. वडिलांनी जन्म कुवेतला काढला आणि म्हातारपण पनवेलीत. मोहसीन तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. रात्रभर एका मोठ्या रिअ‍ॅक्टरसमोर बसून त्याचं तापमान बघायचं, वाढलं तर एक व्हॉल्व्ह उघडायचा, उतरलं तर दुसरा, असं काम. कंपनीत तीन पाळ्या होत्या आणि त्या आलटून पालटून मिळतात असं कागदावर होतं. प्रत्यक्षात ज्यांच्या ओळखी होत्या ते दिवसपाळीत असत आणि ज्यांचं काम चांगलं होतं ते रात्रपाळीत. मोहसीनचं काम फार चांगलं होतं. पाच वर्षं तो रात्रीच जात होता. सकाळी आठला घरी यायचा, चहा-पाव खाऊन आडवा व्हायचा, आणि नऊ वाजता ब्रेकर सुरू व्हायचा.

सुरुवातीला त्याने खिडक्यांना गोधड्या लावल्या. मग झोपायला दुसरीकडे जाऊन पाहिलं. उलव्याला मेहुण्याकडे गेला, तर तिथे अख्खं गावच बांधायला काढलेलं. कोनला मावशीकडे गेला, तिथे एक्स्प्रेसवेवरून गाड्या डोक्यावरून गेल्यासारख्या जात. शेवटी पनवेलच्या एस.टी. स्टँडवर, अलिबागच्या फलाटासमोरच्या बाकावर त्याला गाढ झोप लागली. पण पोलिसाने काठी आपटून उठवलं आणि कुठे जायचंय म्हणून विचारलं. मोहसीनला कुठेच जायचं नव्हतं. हे उत्तर पोलिसांना आवडत नाही.

जानेवारीत एका पहाटे रिअ‍ॅक्टरसमोर त्याचा डोळा लागला. तापमान चढलं, भोंगा वाजला, दुसऱ्या एकाने धावत येऊन व्हॉल्व्ह उघडला. नुकसान काही झालं नाही. साहेबांनी बोलावून पत्र हातात दिलं. पुन्हा असं घडल्यास सेवा समाप्त करण्यात येईल, एवढाच त्यातला मजकूर. साहेब वाईट नव्हते. त्यांनी त्याला जाता जाता सांगितलं, की दिवसा चांगली झोप घेत जा.

ही हकीकत मला मोहसीनने नाही, चंद्रावतीबाईंनी सांगितली. चंद्रावतीबाई म्हणजे आमचे चेअरमन उदयसिंह परदेशी यांच्या पत्नी, राहायला तिसऱ्या मजल्यावर. एक दिवस त्या भाजी आणायला खाली उतरल्या, तर मोहसीन पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर कठड्याला टेकून झोपलेला. हातात दुधाची पिशवी. त्यांना वाटलं दमून टेकला असेल. त्या बाजाराला जाऊन, मेथीवाल्याशी हुज्जत घालून परत आल्या, तरी तो तसाच. ब्रेकर चालू होता, कठडा थरथरत होता आणि त्याबरोबर त्याचं डोकंही. त्यांनी हाक मारली नाही. वर जाऊन जास्मीनला, त्याच्या बायकोला, सांगितलं. जास्मीन दारातच रडायला लागली आणि पत्राचं सगळं बोलून गेली.

याच सुमाराला धर्मराज आला.

धर्मराज हा पुलाच्या कंत्राटदाराचा माणूस. त्याचं काम लोकांना भेटण्याचं. रस्ता ज्यांच्या ज्यांच्या दारावरून जाई त्यांच्याकडे पेढ्यांचा बॉक्स घेऊन जायचं आणि शिव्या घेऊन परत यायचं. वय पन्नाशीचं, चेहरा सतत नुकताच कुणाच्या तरी दशक्रियेहून आल्यासारखा. आधीच्या दोन गावांत त्याच्या मोटारसायकलची हवा काढली होती आणि तिसऱ्यात मोटारसायकलच ठेवून घेतली होती. तो माझ्याकडे आला, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मी निवृत्त होतो आणि सभेला हजर होतो, एवढ्या दोन गुणांवर मला निवडलं होतं.

त्याचं म्हणणं साधं होतं. दिवसा रस्ता अडवून फोडाफोड केली की कळंबोलीपर्यंत गाड्यांची रांग लागते, म्हणून वाहतुकीच्या साहेबांनी सांगितलं की हे काम रात्री करा. आवाजाच्या साहेबांनी सांगितलं, की रात्री दहानंतर आवाज करायचा तर शेजारच्या रहिवाशांची लेखी संमती आणा. दोन्ही साहेब एकाच इमारतीत बसत, पण मजले वेगळे असल्यामुळे त्यांची गाठ पडत नसे. बाकीच्या इमारती रस्त्यापासून लांब होत्या. संमती हवी होती ती आमचीच.

“एकदा तुमचं पत्र मिळालं की दिवसा ब्रेकर बंद,” धर्मराज म्हणाला. “फोडायचं ते रात्री दहा ते पाच. उन्हाळाभर.”

मी विचारलं, आवाज किती होईल?

त्याने पेढ्यांच्या बॉक्सकडे पाहिलं. “होईल हो. खोटं कशाला सांगू. तेवढाच होईल.”

मी त्याला चेअरमनकडे नेलं. उदयसिंहराव फोर्टात विमा कंपनीत अधिकारी होते आणि घरी आल्यावरही त्यांच्यातला अधिकारी बराच वेळ जागा असे. धर्मराजचं ऐकताना त्यांचा चेहरा उजळत गेला. आमच्या सोसायटीच्या आयुष्यात कुणीतरी आमच्याकडे परवानगी मागायला येण्याची ही पहिलीच वेळ होती. रस्ता रुंद झाला तेव्हा कुणी आलं नव्हतं, झाडं तोडली तेव्हा नाही, कुंपण मागे घेतलं तेव्हाही नाही. आता नाकारण्यासारखं काहीतरी हाती आलं होतं. ते नाकारल्याशिवाय कसं राहवेल?

तळमजल्यावरचा बुधाजी म्हात्रे तिथेच उभा होता. ही इमारत ज्या जमिनीवर आहे ती एकेकाळी बुधाजीची. मोबदल्यात त्याला तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. तो धर्मराजकडे बघून शांतपणे म्हणाला, “माजी जमीन गेली तवा कुनी इचारला नाय. आता आवाजाचा इचारताव?”

धर्मराजने ते ऐकून घेतलं. त्याला हे ऐकण्याचाच पगार होता.

उदयसिंहराव म्हणाले, हा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवू, सभा काय ते ठरवील. सभा काय ठरवील ते सगळ्यांना माहीत होतं. रात्रीची झोप हा कष्टकरी माणसाचा हक्क आहे, या विषयावर त्यांचं भाषण त्या रात्रीच तयार झालं. आम्ही त्यांच्या बरोबर खाली राहतो, ते छतातून ऐकू येत होतं.

आता आमच्या सभेची पद्धत सांगायला हवी. सभेच्या नोटिशीत शेवटी एक वाक्य असतं. ते सगळ्याच सोसायट्यांत असतं: सभा रात्री आठ वाजता सुरू होईल, गणपूर्ती न झाल्यास ती तहकूब करून त्याच ठिकाणी साडेआठ वाजता घेण्यात येईल, आणि त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. गणपूर्ती म्हणजे ठरावीक संख्येने माणसं हजर असणं. चोवीस घरांत आम्हाला सोळा लागत. अठरा वर्षांत आमची आठची सभा कधी झालेली नव्हती. आठला खाली पार्किंगमध्ये मी आणि चेअरमन. ते घड्याळ बघून म्हणत, “गणपूर्ती नाही.” मी म्हणे, “नाही.” ते म्हणत, “तहकूब.” मग आम्ही अर्धा तास डास मारत बसू. साडेआठला जेवून, हात पुसत मंडळी उतरत. हा विधी इतका अंगवळणी पडला होता, की आठला कुणी आलंच तर तो किल्ली विसरलेला असे.

दुसरी गोष्ट सभासदांची. आम्ही घरं घेतली त्या वर्षी पनवेलीत टॅक्सचं काम बघणारे एकच गृहस्थ होते, आणि त्यांनी सगळ्यांना एकच सल्ला दिला: घर बायकोच्या नावावर घ्या. त्यामुळे आमच्या सोसायटीत बुधाजी आणि आणखी दोघे सोडले तर यच्चयावत सभासद बायका होत्या. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. दाराखाली येणारं मेंटेनन्सचं बिल त्यांच्याच नावाने येई. पण सभेला पुरुष जात, बोलत, भांडत, हात वर करत, आणि बायका वरून खिडकीतून कोण किती वेळ बोलला ते बघत. कायद्याने पाहिलं तर उदयसिंहराव चेअरमन नव्हते आणि मी सेक्रेटरी नव्हतो. पण कायद्याने पाहायला कुणी आलेलं नव्हतं.

सभेच्या दिवशी आमच्याकडे सातलाच जेवणं झाली. मी अरुंधतीला कारण विचारलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात मी काही गोष्टी न विचारायला शिकलो आहे, आणि त्याच संसार टिकवतात.

पावणेआठला मी खाली जाऊन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. उदयसिंहराव ऑफिसातून थेट आले. बूटही काढले नव्हते. ते खुर्चीत बसतात न बसतात, तोच जिन्यातून स्नेहल उतरली, पहिल्या मजल्यावरची, कडेवर तान्हं. तिच्यामागून शिकवण्या घेणाऱ्या वैद्यबाई. मग जास्मीन, डोक्यावर ओढणी सारखी करत. मग कुणी गाऊनवर ओढणी घेऊन, कुणी हाताला पीठ तसंच घेऊन. अरुंधती आली आणि माझ्याकडे न बघता दुसऱ्या रांगेत बसली. बुधाजी कोपऱ्यात उभा होता, तो ‘आमी बी हाय’ म्हणत एका खुर्चीत टेकला. सगळ्यांत शेवटी चंद्रावतीबाई आल्या आणि पहिल्या रांगेत, नवऱ्यासमोरच बसल्या.

उदयसिंहरावांना वाटलं हळदीकुंकू आहे आणि जागा चुकली. त्यांनी तसं सौम्यपणे विचारलं.

“सभेला आलोय,” चंद्रावतीबाई म्हणाल्या. “आठ वाजले.”

“अगं, सभा साडेआठला असते.”

“नोटीस तुमच्याच सहीची आहे. आठ लिहिलंय.”

उदयसिंहरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजायला लागलो होतो. एकोणीस भरले. मी ते सांगितलं. गणपूर्ती झाली आहे, हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच उच्चारत होतो आणि ते जरा अडखळतच आलं.

मग त्यांनी वेळ काढायचे सगळे उपाय केले. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला सांगितलं. बायका म्हणाल्या, वाचलं असं समजा. पाण्याच्या टाकीचा विषय काढला. पुढच्या सभेत घेऊ, म्हणाल्या. आपापल्या घरच्या मंडळींना येऊ द्या, त्यांचं मत घ्या, असं ते म्हणाले, तेव्हा वैद्यबाईंनी विचारलं की घरची मंडळी म्हणजे कोण.

चंद्रावतीबाई उभ्या राहिल्या. त्या कधी सभेत बोललेल्या नव्हत्या. घरातही कमीच बोलत. उदयसिंहरावांमुळे त्याची गरज पडत नसे.

“रात्री आवाज झाला तर आम्हालाही झोप नाही,” त्या म्हणाल्या. “हे आम्हाला कळतं. पण दिवसभर आम्ही इथे असतो. स्नेहलचं बाळ दचकून दचकून उठतं. वैद्यबाईंची मुलं ओरडून पाढे म्हणतात. आणि मोहसीनची नोकरी जायची वेळ आलीय. रात्री आम्ही तुमच्याबरोबर जागू. दिवसा तुम्ही आमच्याबरोबर नसता.”

ठराव स्नेहलने मांडला, बुधाजीने अनुमोदन दिलं. रस्त्याच्या रात्रीच्या कामास व त्यापासून होणाऱ्या आवाजास सोसायटीची हरकत नाही. हात वर झाले. जास्मीनचा हात अर्ध्यावरच थांबला होता. शेजारणीने तो वर केला. उदयसिंहरावांना मत नव्हतं, कारण घर त्यांचं नव्हतं. हे त्यांना त्या क्षणी समजलं असावं, कारण त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग बूट सोडायला घेतले.

साडेआठला पुरुष मंडळी उतरली तेव्हा मी खुर्च्या एकात एक घालत होतो. सभा झाली, म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. माझी तशी ख्याती आहे.

दुसऱ्या दिवशी मी लेटरहेडवर पत्र दिलं. धर्मराजने ते दोनदा वाचलं. मग खाली सही कुणाची, बरोबर आहे ना, म्हणून विचारलं. एवढ्या वर्षांत त्याला अशी गोष्ट मागून मिळाली नव्हती आणि त्यात काहीतरी काळंबेरं आहे असंच त्याला वाटत राहिलं. पेढे मात्र या खेपेस चांगले आणले होते.

आठवड्याने रात्रीचं काम सुरू झालं. दहाच्या ठोक्याला प्रखर दिवे लागत. ते इतके पांढरे असत, की आमच्या बेडरूममध्ये पेपर वाचता येई, आणि दुसरं काही करता येत नसे. मग ब्रेकर. पुरुषांनी तो पहिल्यांदाच ऐकला. पहिल्या रात्री ते गॅलरीत येऊन उभे राहिले आणि एकमेकांना म्हणाले, हे भयंकर आहे. बायका आत पडून होत्या. दुसऱ्या रात्री पुरुष गॅलरीत आले नाहीत. तिसऱ्या रात्री कुणीतरी शंभर नंबरला फोन केला. तिकडून विचारलं, तुमच्या सोसायटीचं पत्र आहे ना? आहे. मग झोपा.

दिवस मात्र असा शांत झाला, की आमचा बाळकृष्ण बसला तिथेच बसून राहिला. बायका दुपारी कामं उरकून पडत. मुलं शाळेतून आली की जिन्यात चपला हातात घेऊन चढत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि मोहसीन झोपे. नऊला दार लागे ते पाचला उघडे. पंधरवड्यात त्याच्या गालावर मांस दिसायला लागलं. तो मला जिन्यात भेटला तेव्हा त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “काका, शरम वाटते हो. मी झोपतो आणि सगळी बिल्डिंग जागते.” मी म्हटलं, बिल्डिंगला उन्हाळ्यात तसाही उकाडा होतोच. ते त्याला पटलं नाही. मलाही नाही.

इमारत मात्र खरोखरच दमली होती. बायकांना दुपारचा तास-दोन तास मिळे. तेवढ्यावर रात्र भरून निघत नाही. पुरुषांना तेवढाही नव्हता. डबे उलटे जायला लागले, पालकाचा मुतखडा असलेल्याला आणि अंड्याचा गुरुवार करणाऱ्याला. वैद्यबाईंनी एका मुलाला सातवीचं गणित शिकवून संपवलं, आणि तो पाचवीत आहे हे नंतर लक्षात आलं. उदयसिंहराव ऑफिसच्या बसमध्ये झोपून थेट डेपोत गेले. भांडण करायची ताकद कुणात उरली नव्हती आणि त्यामुळे इमारतीत एक प्रकारची शांतताही होती, पण ती दहापर्यंतच.

महिन्याभराने उदयसिंहरावांनी विशेष सभा बोलावली. विषय एकच: दिलेली संमती मागे घेणे. संमती मागे गेली की काम पुन्हा दिवसा. या खेपेस त्यांनी नियम वाचले होते. बायकांनीच यावं, पण नवऱ्यांनीही सोबत बसावं, असं त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं. आणि बायका आता पूर्वीसारख्या ठाम नव्हत्या. स्नेहलचं बाळ रात्री उठायला लागलं होतं. दोघीतिघींचा रक्तदाब वाढल्याचं निदान झालं होतं. नुसत्या हातांच्या मोजणीवर ठराव पडेल असं मला वाटत नव्हतं.

सभेच्या आदल्या दुपारी जास्मीन आमच्याकडे आली. बसली नाही. अरुंधतीला म्हणाली, “काकू, कंपनीच्या साहेबांनी त्यांना सांगितलंय, मार्चअखेर बघून ते ताकिदीचं पत्र फाईलमधून काढतो. एवढा एक महिना गेला पाहिजे. उद्या तुम्ही…”

अरुंधती खोटा धीर देणाऱ्यांतली नाही. “मला माहीत नाही गं,” ती म्हणाली. “माझंच डोकं चालत नाही. कोण हात वर करील, कोण नाही, कसं सांगू? माझा वर होणार नाही एवढं सांगते.”

जास्मीन बरं म्हणाली आणि गेली. जाताना दार तिने इतकं हळू ओढून घेतलं, की लागलं नाही. मी उठून लावलं.

सभेला एक मोहसीन सोडला तर सगळे आले, आणि आठला आले. गणपूर्ती मोजायचीही गरज नव्हती. नवरे-बायका शेजारी शेजारी बसले होते, बारशाला बसतात तसे. मार्चची संध्याकाळ होती, पार्किंगमधून खाडीकडचा वारा येत होता. पलीकडे पोकलेन मान खाली घालून उभं होतं. एरवी या वेळी घरोघरी टीव्ही चालू असतो, भाकऱ्या थापल्या जात असतात, कुणीतरी कुणावर तरी ओरडत असतं. आज सगळे खाली होते आणि इमारत रिकामी होती. कितीतरी दिवसांत आम्ही सगळे एका जागी नुसते, काही न करता, शांततेत बसलो नव्हतो.

उदयसिंहराव उभे राहिले. ठराव त्यांनी स्वतः लिहिला होता आणि तो विम्याच्या पॉलिसीसारखा होता. ज्याअर्थी मागील सभेत पुरेसा विचार न होता, आणि ज्याअर्थी रहिवाशांच्या आरोग्यावर, आणि ज्याअर्थी. त्यांचा आवाजही थकलेला होता, खालच्या पट्टीत, एका लयीत चाललेला. दुसऱ्या ज्याअर्थीला स्नेहलच्या खांद्यावरचं बाळ झोपलं. मग स्नेहल झोपली. मग तिचा नवरा, तोंड उघडं टाकून. तिसऱ्या ज्याअर्थीला मागच्या रांगेतून घोरण्याचा आवाज आला आणि कुणी हसलं नाही, कारण हसायला कुणी नव्हतं. वैद्यबाईंची मान अरुंधतीच्या खांद्यावर आली. अरुंधतीची मान आधीच खाली गेली होती. बुधाजीने पाय समोरच्या खुर्चीवर घेतले आणि डोळ्यांवर टोपी ओढली. चंद्रावतीबाई ताठ बसल्या होत्या, पण डोळे मिटलेले होते.

उदयसिंहराव त्याअर्थीपर्यंत पोचले. ठराव संपला. त्यांनी वर पाहिलं.

“अनुमोदन कोण देतंय?” त्यांनी विचारलं.

अनुमोदन मिळालं नाही, तर ठराव मतालाच येत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा हळू. मग कुणाला तरी उठवा म्हणून त्यांची नजर माझ्याकडे आली. मी डोळे मिटले. ते झोपेने मिटले की कसे, याचा खुलासा मी करत बसत नाही. मिटल्यावर ते उघडणं मात्र मला खरोखर जड गेलं.

मिटल्या डोळ्यांमागे मी विचार करत होतो, की ही सभा ग्राह्य धरायची का. उपनियमांत सभासदांनी हजर राहावं असं आहे. जागं राहावं असं कुठे नाही.

थोड्या वेळाने खुर्ची कुरकुरली. डोळे किलकिले करून पाहिलं, तर उदयसिंहराव बायकोशेजारी येऊन बसले होते. ठरावाचा कागद मांडीवर होता. तिचा हात हलवून ते तिला जागं करतील, असं वाटलं. त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि मागे टेकले. त्यांचं घोरणं मी अठरा वर्षं छतातून ऐकत आलो आहे. जवळून ते तितकंसं वाईट नाही.

नऊच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. मोहसीन कामाला निघाला होता, एका हातात डबा, पायांत कंपनीचे ते लोखंडी टोकाचे जड बूट. वर घरात बसून त्याने बराच वेळ आवाजाची वाट पाहिली असणार. आमच्या सभेत काही ठरलं की ते दुसऱ्या मजल्यापर्यंत कळतंच. शेवटच्या पायरीवर येऊन तो थबकला. समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर अख्खी सोसायटी, माना टाकून. जास्मीन पहिल्या रांगेच्या टोकाला, हाताची मूठ तशीच वळलेली, झोपलेली.

काय झालं असेल ते त्याला कळलं की नाही, कोण जाणे. तो नुसता बघत उभा राहिला. मग पायरीवर बसला, नाड्या सोडल्या, आणि बूट काढून एका हातात घेतले. मोज्यांनी, खुर्च्यांच्या मधून, कुणाच्या पायाला पाय लागू न देता तो चालत गेला. आमचं लोखंडी फाटक उघडताना फरशीला घासतं आणि सगळ्या गल्लीला कळतं. मोहसीनने डबा खाली ठेवला, बूट खाली ठेवले, दोन्ही हातांनी फाटक जरासं वर उचलून धरलं आणि तसंच, उचललेलं, बाहेर ढकललं. मग डबा आणि बूट घेतले, बाहेर गेला आणि फाटक पुन्हा उचलूनच लावलं.